वाइनच्या द्राक्षाला पोटॅश मारून गोडी आणू नका

प्रश्न (तासगाव तालुका): सॉव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन-द्राक्षाची दोन एकर बाग आहे. ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) 18 वर अडकलाय. दुकानदार म्हणतो, 0-0-50 च्या (पोटॅश खताच्या) आणखी तीन फवारण्या घ्या, सोबत इथेफॉन मारा. गेल्या हंगामात पीएच 3.7 आला म्हणून वायनरीने दर पाडला. काय करावे? ही वाइन घरीच करता येईल का?

उत्तर: दोन्ही मारू नका. इथेफॉन रंगासाठी असते; पांढऱ्या द्राक्षाला कसला रंग आणणार? आणि पीएच चढला असेल तर बहुधा पोटॅशनेच. जादा पोटॅश मण्यातल्या टार्टारिक आम्लाला बांधून टाकते, आंबटपणा उतरतो आणि पीएच चढतो. ड्राय, म्हणजे गोडी नसलेल्या, व्हाइट वाइनची सगळी तरतरी त्या आंबटपणात असते. वाइन टिकवायला पीएच 3.2 ला जेवढा सल्फर डायऑक्साइड पुरतो, त्याच्या जवळपास तिप्पट 3.7 ला लागतो. म्हणून वायनरी असा माल नाकारते.

ब्रिक्स अडकतो तो घड जास्त आणि पाने कमी असली की. काडीवर 12 ते 15 निरोगी पाने हवीत, जादा घड मण्यात पाणी उतरायच्या (मणी मऊ पडू लागायच्या) आतच काढायला हवे होते. आता थांबा. पश्चिमेकडची पाने काढू नका, दुपारच्या उन्हात मणी तापले की त्यातले दुसरे आम्ल, मॅलिक, जळते. पोटॅश द्यायचेच असेल तर पुढच्या वर्षी फुलोऱ्यातल्या देठ परीक्षणावरून (पानांच्या देठांच्या प्रयोगशाळा तपासणीवरून) द्या, दुकानदाराच्या वहीवरून नको.

दर तीन-चार दिवसांनी ओळीच्या दोन्ही बाजूंनी 100 मणी तोडा, घडाच्या वरचे, मधले, खालचे. रस गाळून ब्रिक्स आणि पीएच दोन्ही मोजा. पीएच मीटर आधी 4 आणि 7 पीएचच्या बफर द्रावणांवर लावून घ्या. ब्रिक्स 21 ते 22, पीएच 3.2 ते 3.3, आम्लता लिटरला 6 ते 7 ग्रॅम जुळली की तोडणी. पीएच 3.4 कडे सरकू लागला तर ब्रिक्स 20.5 असला तरी तोडा. रात्री किंवा पहाटे तोडा, क्रेट उथळ भरा, मणी फुटू देऊ नका. सकाळी दहा वाजता तोडलेला माल दुपारी पोचवलात तर वर्षभराची मेहनत वाटेतच जाते.

तोडणीआधी महिनाभर गंधकाची फवारणी बंद. राहिलेल्या गंधकाने आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. तांबेही बंद, ते सॉव्हिन्योंचा सुगंध खाते. ‘शेवटची एक हलकी फवारणी’ म्हणून कोणी बाटली हातात दिली तर परत करा.

पुढचे काम वायनरीचे. टनाला 80 ते 90 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फर डायऑक्साइड यातूनच मिळतो), हलका दाब, रस 10 अंशांवर दिवसभर निवळू देणे, मग 14 ते 16 अंशांवर यीस्टने दोन-तीन आठवडे. साखर लिटरला 4 ग्रॅमच्या खाली आली की वाइन ड्राय. थंडावा नसेल तर यीस्ट तापते, सुगंध उडतो. घरच्या पिंपात हे जमत नाही. शिवाय विक्रीसाठीच नव्हे, वाइन करायलाही उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. पलूसला वाइन पार्क (वायनरींसाठीची औद्योगिक वसाहत) आहे, 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातल्या सवलतींचे आता काय उरले आहे ते तिथेच विचारा. दोन एकरांसाठी मात्र करार करून माल देणेच परवडते, आणि करारात पीएचची मर्यादा लिहून घ्या.