‘मूनलाइट’ आणि त्याचा जुळा भाऊ

तुम्ही विचारलंय की बेथोवेनचे ३२ पियानो सोनाटे (एकट्या पियानोसाठीच्या, काही भागांत बांधलेल्या रचना) असताना सगळीकडे तेच तीन-चार का ऐकू येतात, आणि बाकीचे कमी दर्जाचे म्हणून मागे पडले का. माझं उत्तर: नाही. मी बरीच वर्षं पियानो शिकवते आहे आणि या प्रश्नावर मला नेहमी एकच जोडी आठवते.

१८०२ साली व्हिएन्नात ओपस २७ या एकाच प्रकाशन-क्रमांकाखाली बेथोवेनचे दोन सोनाटे छापून आले. दोन्हींवर त्याने लिहिलं होतं ‘क्वासी उना फान्तासिया’, म्हणजे जणू मुक्त कल्पनाविलासच. त्यातला दुसरा, सी शार्प मायनर या पट्टीतला, तो ‘मूनलाइट’. पहिला ई फ्लॅट मेजरमधला. तो पियानो शिकणाऱ्यांपैकीही कितीजणांनी ऐकलेला असतो? माणूस तोच, वर्ष तेच, प्रयोगही तोच, आणि नशीब मात्र पार वेगळं.

नावाचा हात त्यात आहेच. ‘मूनलाइट’ हे नाव बेथोवेनने दिलेलं नाही. लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने पहिल्या भागाची तुलना सरोवरावरल्या चांदण्याशी केली आणि ती चिकटली. ‘अपासिओनाता’ या आणखी एका सोनाट्याचं नावही प्रकाशकाने १८३८ मध्ये, म्हणजे बेथोवेन गेल्यावर, दिलं. नाव असलं की लक्षात राहतं, दुकानात मागता येतं. पण नुसत्या नावाने भागत नाही. बेथोवेनच्याच ओपस २८ या सोनाट्याला ‘पास्टोरल’ हे सुंदर नाव आहे, तरी तो ‘मूनलाइट’च्या जवळपासही पोचलेला नाही.

माझ्या मते खरं कारण हातात आहे. ‘मूनलाइट’चा पहिला भाग संथ आहे. दोन-तीन वर्षं शिकलेली मुलगी त्याचे सूर वाचून घरी वाजवू शकते. (नीट वाजवणं ही वेगळीच गोष्ट. उजव्या हाताची करंगळी वरची धून गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं तीन-तीन सुरांचे गट चालवतात. ती करंगळी गायला लागायला मी विद्यार्थ्यांना महिनेच्या महिने देते.) शिवाय हा भाग सुटा काढता येतो. पुढे येणारा वादळी शेवटचा भाग भल्याभल्यांचा घाम काढतो, पण तो न वाजवताही ‘मी मूनलाइट वाजवते’ असं म्हणता येतं. रेडिओच्या काळाआधी युरोपात हे संगीत घराघरांत पोचलं ते बहुतांशी घरच्याच पियानोवरून. जे घरी वाजलं ते टिकलं.

ई फ्लॅट मेजरवाला असा सुटा होत नाही. त्याचे भाग न थांबता एकातून एक उमलतात, आणि सुरुवात इतकी साधी की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून काही सुरूच झालं नाही. त्याचं सौंदर्य सगळं आपसांतल्या नात्यात आहे. तुकडा कापून घेतला की ते हाती लागत नाही.

खुद्द बेथोवेनला हे खुपायचं. त्याचा शिष्य कार्ल चेर्नी याने नोंदवलंय की, लोक सदानकदा सी शार्प मायनरबद्दलच बोलतात, मी त्याहून चांगलं लिहिलंय, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या मनात होता एफ शार्प मेजरमधला ओपस ७८, १८०९ सालचा. दोनच भाग, जेमतेम दहा मिनिटं. पण पट्टीत सहा शार्प, म्हणजे सतत सांभाळायचे सहा चढे सूर! नवशिक्या पहिल्याच ओळीला पान मिटतो.

काही सोनाट्यांना वाजवणाऱ्याची वाट पाहावी लागते. संगीतकार शूबर्टने बी फ्लॅट मेजरमधला शेवटचा सोनाटा सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केला आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. छापून यायला १८३९ उजाडलं. मैफिलीत त्याला पक्की जागा मिळाली ती थेट विसाव्या शतकात, पियानोवादक आर्टुर श्नाबेलसारख्यांनी तो मनापासून मांडला तेव्हा. सोनाटा तोच होता. त्याची लांबलचक, घाई नसलेली चाल ऐकायला बसणारे कान मागाहून आले.

आता तुम्हाला एक सांगते. आज रात्री ओपस २७ मधला पहिला सोनाटा लावा, अथपासून इतिपर्यंत, मध्ये न थांबवता. तिसऱ्या, संथ भागाची धून लक्षात ठेवा. शेवटचा भाग जोरात धावत असताना अगदी अखेरीला सगळं थबकतं आणि तीच धून दुसऱ्या पट्टीत परत येते. तिथे काय वाटलं ते मला नक्की कळवा.