दोन ते तीन मिनिटांचं काम

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्याच भाषणात कागद थरथरायला लागला, एक वाक्य निसटलं आणि पुढचं आठवेना म्हणून तू तशीच उभी राहिलीस. आता क्लब सोडावा का, असं विचारतेस. सोडू नकोस. पण दुसरं भाषण लिहायलाही लगेच बसू नकोस. आधी एकदा मूल्यमापक हो, म्हणजे दुसऱ्याचं भाषण ऐकून ते कसं वाटलं हे सभेत सांग.

टोस्टमास्टर्स, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचे आपले हे क्लब. त्यांच्या पद्धतीत शिकवणारा असा वेगळा कोणी नसतो. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे पहिला क्लब भरवला, तेव्हापासून सभासदच बोलतात आणि सभासदच एकमेकांना सांगतात. तयार भाषणाला साधारण 5 ते 7 मिनिटं, त्याच्या मूल्यमापनाला 2 ते 3. नवीन लोक ही भूमिका टाळतात. ‘मलाच धड येत नाही, मी काय सांगणार?’ तुझंही तेच चाललं असेल. पण भाषण ऐकताना कुठे कान टवकारले आणि कुठे धागा सुटला, हे सांगायला अनुभव लागत नाही. मन लावून ऐकावं लागतं, इतकंच.

घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे असतं. आवाज कापतोय का, घाम दिसतोय का. मूल्यमापकाला ते लक्ष समोरच्याला द्यावंच लागतं, आणि मग एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी दिसते: वक्ता नंतर येऊन ‘मी किती घाबरलो होतो’ म्हणतो, आणि आपल्याला तर काहीच जाणवलेलं नसतं. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वक्त्यांना आपली भीती जितकी उघडी पडल्यासारखी वाटत होती, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती. हे आधी समजावून सांगितलेले वक्ते बाकीच्यांपेक्षा चांगले बोलले. तुझा कागद मागच्या रांगेतून कोणाला दिसला असेल, असं मला वाटत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका नव्या सभासदाच्या भाषणातल्या नऊ त्रुटी मी भर सभेत ओळीने मोजून दाखवल्या. एकही खोटी नव्हती. तो माणूस पुन्हा आला नाही. मला त्या दिवशी आपण फार बारकाईने ऐकलं असं वाटत होतं. खरं तर मी त्याच्या चुका गोळा करत बसलो होतो आणि तो काय सांगत होता हे मला आठवतही नव्हतं.

तेव्हापासून मी वक्त्याचे नेमके शब्द टिपतो. ‘छान बोललात’ याने कोणाच्याच हाती काही लागत नाही. ‘दार उघडलं तो प्रसंग सांगताना तुम्ही थांबलात आणि मी श्वास रोखला’ हे तो घरी घेऊन जातो. सूचना एकच, फार तर दोन, आणि पुढच्या भाषणात करून पाहता येईल अशी. ‘आत्मविश्वास वाढवा’ ही सूचना नव्हे. ‘शेवटचं वाक्य कागदाकडे न बघता म्हणा’ ही सूचना. दोन स्तुतींच्या मधे एक दोष दडवायचा, ही बऱ्याच ठिकाणी शिकवली जाणारी रीत मला पटत नाही. ऐकणारा स्तुती ऐकतच नाही, ‘पण’ कधी येतो याची वाट बघत बसतो. बोलावं ते माणसाबद्दल नाही, भाषणाबद्दल, आणि ‘मला असं वाटलं’ म्हणून, कारण आपल्याला तेवढंच ठाऊक असतं.

भाषणात ‘अं-अं’ किती वेळा आलं हे सभेत एक सभासद मोजतो. त्याचा आकडा ऐक आणि सोडून दे. तो आकडा हळूहळू उतरतो.

स्वतःवरचं मूल्यमापन ऐकताना मात्र खुलासे देऊ नकोस. ‘वेळ मिळाला नाही’, ‘घसा बसला होता’ हे ओठांवर येईल. गिळून टाक, लिहून घे, आणि सभा संपल्यावर मूल्यमापकाला गाठून एवढंच विचार: नेमकं कुठे असं वाटलं? तुझ्या भाषणावर कोणी बोललं असेलच. ते काय म्हणाले, याचं एक अक्षर तुझ्या पत्रात नाही. ते टिपण शोध.

पुढच्या सभेसाठी मूल्यमापक म्हणून नाव दे. आणि त्या वक्त्याचं पहिलं वाक्य काय होतं, ते जसंच्या तसं मला लिहून पाठव.

तुझा,
दादा