कंदील पिळवटतो त्यात खळीचा दोष नाही

ताई, सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना घेऊन तुम्ही कामट्यांचा पारंपरिक कंदील केलात. सांगाडा बांधला तेव्हा ठीक दिसत होता, कागद वाळल्यावर मात्र एका अंगाला पिळवटला, चौकोनांवर सुरकुत्या पडल्या, त्रिकोण तेवढे ताठ राहिले. आता खळीऐवजी कुठला गोंद घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे. गोंद बदलू नका. त्रिकोण ताठ राहिले, यातच सगळं आलं.

तीन काड्यांचा त्रिकोण बांधला की त्याचा आकार हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र कोपऱ्यांत कितीही घट्ट आवळा, दोन बोटांनी ढकललात की तिरका होतो. आपल्या नेहमीच्या कंदिलात सहा चौकोन आणि आठ त्रिकोण असतात. त्रिकोण वेगळे करावे लागत नाहीत, चौकोन एकमेकांना जोडले की मधल्या फटींत ते आपोआप तयार होतात. म्हणजे काड्या फक्त चौकोनांच्या, २४. आणि हे सहाही चौकोन तिरके व्हायला मोकळे असतात. हातात धरून वरचा चौकोन जरा फिरवून बघा, अख्खा सांगाडा पिळला जातो. पतंगाचा कागद खळीने ओला झाला की सैलावतो आणि वाळताना आक्रसतो. आक्रसताना तो मोकळ्या चौकोनाला स्वतःबरोबर ओढतो. एक बाजू आधी वाळली तर तिकडे जास्त ओढ. झाला कंदील वाकडा.

‘कागद लावला की सांगाडा आपोआप घट्ट होतो’ ही समजूत सगळ्यात महागात पडते. होतो घट्ट, पण ज्या वाकड्या आकारात असेल त्याच आकारात! मग कागद फाडून पुन्हा लावायचे, तोवर मुलांचा उत्साह संपलेला. बाजारात मिळणाऱ्या तयार किटांवर माझा राग आहे तो यासाठीच. आत चोवीस काड्या, त्याही दोन-चार मिलिमीटर कमीजास्त, रंगीत कागद आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत झिरमिळ्या कशा कापायच्या याची चित्रं असतात आणि चौकोन ताठ राहायला त्याला कर्णावर आधार द्यावा लागतो, याबद्दल अवाक्षर नाही. विचारायला जावं तर ‘सगळेच नेतात, तुमचाच कसा वाकडा झाला?’ असं उत्तर.

आता माप. काडी २१ सेंटीमीटरची कापा, दोन्ही टोकांकडून अर्ध्या सेंटीमीटरवर खूण करा आणि दोरा त्या खुणांवरच बांधा. खूण ते खूण बरोबर २० आली पाहिजे. प्रत्येक काडी पट्टीने मोजू नका. एक मापाची कामटी करा आणि बाकीच्या तेवीस तिला लावून खुणा करा, हे काम अकरा वर्षांच्या मुलाचं. गोधडीचा जाड दोरा फुलीसारखा गुंडाळायचा आणि वर फेव्हिकॉलचा एक थेंब. लहान हातांना दोरा आवळता येत नसेल तर आधी छोटं रबर अडकवा, त्यावरून मोठ्यांनी दोरा बांधावा.

चौकोन बांधून झाला की दोन्ही कर्ण मोजा. २० च्या बाजूला कर्ण २८.३ येतो. आकडा जरा इकडेतिकडे चालेल, दोन्ही कर्ण सारखे हवेत. सारखे नसतील तर लांब कर्णाची टोकं आत दाबा, जमलं की लगेच पक्कं करा. कसं, ते त्या चौकोनाच्या जागेवर ठरतं. बाजूच्या चार चौकोनांना दोन्ही कर्णांवर ताणून दोरा. एकच दोरा पुरत नाही, कारण दोरा ओढ सहन करतो, ढकलणं नाही. उजेडात ही फुली अंधूक दिसते, मला तरी ती खटकत नाही. वरच्या चौकोनाला कर्णावर एक कामटी, तिलाच पुढे बल्बचा होल्डर लटकतो. खालून हात आत जायला हवा म्हणून खालच्या चौकोनात फुली नको. तिथे चारही कोपऱ्यांत जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे चार-चार सेंटीमीटर बाजूचे काटकोन त्रिकोण चिकटवा.

मग जोडणी. चार चौकोन टोकावर उभे करून, शंकरपाळ्यांसारखे, बाजूचे कोपरे एकमेकांना बांधत गोल पूर्ण करा. त्यांच्या वरच्या चार टोकांना एक चौकोन, खालच्या चार टोकांना एक. एकूण बारा सांधे. सगळं जमलं तर उंची सुमारे २८ आणि मधल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर ४० सेंटीमीटर येतं. सांगाडा जमिनीवर ठेवून वरून दाबला तर हलता कामा नये. हलत असेल तर कागदाला हात लावू नका, एवढं माझं ऐका.

कामट्या बुरुडाकडून घ्या (पुण्यात असाल तर बुरूड आळी), चार-पाच मिलिमीटर रुंद आणि वाळलेल्या. ओल्या बांबूच्या काड्या आठवड्यात वाकतात. मुलांच्या हातात देण्याआधी पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर पहिलं काम कुसळ काढण्याचं. परदेशात राहणाऱ्यांना दुकानात मिळणाऱ्या तीस सेंटीमीटरच्या कबाबच्या काड्या चालतात, टोक कापून टाकायचं.

खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, एकूण पाणी एक कप, मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळा. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागद सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त ठेवा आणि न ताणता नुसता बसवा, ताण वाळताना येतो. आधी त्रिकोण, मग चौकोन, तेही समोरासमोरचे. पंख्याखाली वाळवू नका. जुनी माणसं झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं असतील तिथे अजिबात नको. उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. राहिलेल्या बारीक सुरकुत्यांवर पाणी मारण्याचा सल्ला सगळे देतात. मी देत नाही, पतंगाचा कागद रंग सोडतो.

धाकट्याला झिरमिळ्या द्या. ८० सेंटीमीटरची पट्टी खालच्या चौकोनाभोवती बरोबर बसते. वरचे पाच सेंटीमीटर न कापता सोडायचे, खाली एक-दीड सेंटीमीटरच्या फिती. चारपेक्षा जास्त घड्या घातल्या तर बोथट कात्रीने कागद चावला जातो.

विजेचं सांगतो, पण मी इलेक्ट्रिशियन नाही, जोडणी जाणकाराकडून तपासून घ्या. एलईडी तीन ते पाच वॅटचा पुरे. बल्ब मधोमध लटकला तर चौकोनांपासून १४ सेंटीमीटर लांब राहतो. जुना साठ वॅटचा पिवळा दिवा कागदाच्या आत नकोच. आणि पिवळसर उजेडाचा एलईडी घेणार असाल तर निळा कागद टाळा, मळकट दिसतो. लाल, केशरी, पिवळा छान उजळतो.

टांगताना एकाच दोरीवर सोडला तर वाऱ्याने फिरतो आणि वायरला पीळ बसतो. वरच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्या गॅलरीच्या गजाला वेगवेगळ्या ठिकाणी अडकवा.