पंप बंद केला तरी द्रव का वाहतो

अरे, मायक्रोफ्लुइडिक चिपला (आत अगदी बारीक वाहिन्या असलेल्या छोट्या चिपला) जोडलेला सिरिंज पंप बंद केला तरी द्रव वाहतोय म्हणालास ना, तर पंप खराब नाहीये, उगाच रिपेअरला नको देऊस. पंप थांबवला तरी नळीत प्रेशर साठलेलं असतं, मऊ सिलिकॉनची नळी फुग्यासारखी जरा फुगते, पीडीएमएसची (रबरासारख्या लवचिक सिलिकॉनची) चिपही थोडी ताणली जाते, आणि मग ते सगळं हळूहळू पूर्ववत होत असताना द्रव पुढे सरकतच राहतो, कधीकधी काही मिनिटं. त्यात एखादा बुडबुडा अडकला असेल तर विचारूच नको, हवा दाबली जाते ना, तोच स्प्रिंगसारखा वागतो.

म्हणून आधी बुडबुडे घालव. फ्रिजमधलं बफर (pH स्थिर ठेवणारं द्रावण) थेट चिपमध्ये कधीच सोडू नकोस, आपल्या बडोद्यात मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला की ते आतच तापतं आणि विरघळलेली हवा बाहेर येते, माझे असे 2 दिवस वाया गेलेत. व्हॅक्यूमखाली डिगॅस कर, म्हणजे विरघळलेली हवा काढून टाक, मगच भर.

नळी कडक आणि आखूड घे, टेफ्लॉनची चालेल. आणि 1 मायक्रोलिटर प्रति मिनिटसाठी 10 मिलीची सिरिंज का लावलीस? मोटर टप्प्याटप्प्याने फिरते, मोठ्या सिरिंजमध्ये प्रत्येक टप्प्याला जास्त द्रव ढकलला जातो म्हणून फ्लो झटके देतो. 1 मिलीची लाव, फरक लगेच दिसेल.

चॅनेलची (चिपमधल्या वाहिनीची) उंची मात्र नीट मोजून घे हं, रुंद चॅनेलमध्ये उंची अर्धी झाली की रेझिस्टन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) साधारण 8 पट होतो, मग द्रव थांबायलाही जास्त वेळ लागतो. शनिवारी दांडिया बाजारात येशील तेव्हा चिप घेऊन ये, बघू.