अणूच्या पोटातले प्रश्न

सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, असं शिकलो. मग शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन एकत्र कसे राहतात? (नववीतला विद्यार्थी, सातारा)

नेमक्या जागी बोट ठेवलंस. प्रोटॉन एकमेकांना ढकलतातच, तेही जबरदस्त. पण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अगदी खेटून असले की त्यांच्यात दुसरं एक बल जागं होतं. ते विद्युतबलाच्या सुमारे शंभरपट असतं, पण त्याची पोच तोकडी. शेजाऱ्याला धरतं, पलीकडच्याला नाही. ढकलाढकली मात्र केंद्रकभर चालते. न्यूट्रॉन ओढीत भर घालतो आणि ढकलण्यात भाग घेत नाही, म्हणून केंद्रक मोठं होईल तसे न्यूट्रॉन जास्त लागतात. कॅल्शियमच्या २० प्रोटॉनना २० न्यूट्रॉन पुरतात. शिशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ८२ प्रोटॉनना १२६ लागतात. 'न्यूट्रॉनवर प्रभार नसतो' एवढं पाठ करून मुलं पुढे जातात, याची मला खंत वाटते. प्रभार नाही म्हणूनच तर तो एवढा कामाचा!

न्यूट्रॉनच्या ऱ्हासातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन निघतात. मग न्यूट्रॉन म्हणजे या दोघांची जोडगोळीच ना? (निवृत्त शिक्षिका, कुडाळ)

बाई, केंद्रकात इलेक्ट्रॉन असतात असं एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञही मानत. नायट्रोजनचं वस्तुमान १४, केंद्रकाचा प्रभार ७. म्हणजे आत १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१ कण. कणांची संख्या सम की विषम, यावर केंद्रकाचं वागणं ठरतं. ते तपासायला कामी आला कलकत्त्यात १९२८ साली सापडलेला रामन परिणाम, म्हणजे रेणूंवरून विखुरताना काही प्रकाशाचा रंग किंचित बदलणं. १९२९ मध्ये फ्रँको रासेत्ती यांनी नायट्रोजन वायूवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. बारीक रेषांची रांग उमटली, एक ठळक, एक फिकी. ठळक कोणत्या यावरून संख्या सम ठरली आणि २१ चा हिशेब मोडला. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. ७ प्रोटॉन अधिक ७ न्यूट्रॉन, एकूण १४ कण, म्हणजे सम. मेळ बसला. ऱ्हासात बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आत दडलेला नसतो, त्याच क्षणी जन्मतो. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटंही टिकत नाही. स्थिर केंद्रकात मात्र तोच कायम राहतो.

आईला एमआरआय करायला सांगितलंय. या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' होतं म्हणे. किरणोत्सर्ग होतो का? (वाचक, नाशिक)

नाही, निर्धास्त राहा. इथलं 'न्यूक्लिअर' म्हणजे शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचं केंद्रक, एकुलता एक प्रोटॉन. १.५ टेस्लाच्या चुंबकात तो सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतो. काहीही फुटत नाही. काळजी घ्यायची ती चुंबकाची. आईंना पेसमेकर असेल, शस्त्रक्रियेत क्लिप किंवा धातूची पट्टी बसवली असेल, तर तपासणीची वेळ घेतानाच सांगा. मंगळसूत्र आणि बांगड्या घरीच काढून ठेवा.