समुद्र उजव्या हाताला

गेल्या अंकात मी श्रीलंकेच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं. पाठीवर एकेक सॅक घेऊन नवरा आणि मी हा किनारा साध्या बसने केला, तोही दोन खेपांत: एकदा फेब्रुवारीत कोलंबो ते कतरगामा, आणि दुसऱ्यांदा जुलैत पोत्तुविल ते त्रिंकोमाली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं जोडप्यांची आहेत, आणि त्यातले काही प्रश्न असे आहेत की ते वाचताना आमचेच दिवस आठवले. जमतील तेवढ्यांना उत्तरं देते.

ताई, आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. जानेवारीत बारा दिवसांची सुट्टी मिळाली आहे. कोलंबोपासून किनाऱ्या-किनाऱ्याने थेट त्रिंकोमालीपर्यंत बसने जायचं ठरवलंय, रोज एक गाव. सोबत तक्ता जोडला आहे. जमेल का?

तक्ता पाहिला. मनापासून सांगते, तो निम्मा करा. खालचा अर्धा भाग पुढच्या सुट्टीसाठी ठेवून द्या.

पहिलं कारण पाऊस. या बेटाला दोन मोसमी वारे भेटतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा वारा कोलंबो, गॉल, मातारा हा पट्टा भिजवतो, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत उलटं होतं, ईशान्येचा पाऊस बट्टिकलोआ आणि त्रिंकोमालीकडे पडतो. म्हणजे जानेवारीत तुम्ही दक्षिणेच्या उन्हातून निघून पूर्वेच्या पावसात जाल. आम्ही दोन वेगळ्या महिन्यांत दोन खेपा केल्या, त्या एवढ्यासाठीच.

दुसरं कारण नकाशा बघून कळत नाही. किनारा सलग आहे, पण बसचा रस्ता सलग नाही. तिस्समहारामाच्या पुढे ‘याला’ आणि ‘कुमना’ ही दोन राष्ट्रीय उद्यानं थेट समुद्राला भिडली आहेत. तिथे बस कतरगामावरून आत वळते आणि बुत्तल, मोनरागल, सियंबलांडुव असा मोठा वळसा घेऊन पोत्तुविलला पुन्हा समुद्राजवळ येते. मध्ये गाड्या बदलायच्या, पुढची कधी येईल ते बघत बसायचं. यात अख्खा दिवस जातो, आणि बुत्तलच्या रस्त्यावर हत्ती आडवा उभा राहिला तर त्याच्या मर्जीने जायचं. त्या जंगलातून समुद्राकाठाने पायी वाट मात्र आहे. कतरगामा या तीर्थक्षेत्राच्या उत्सवाआधी उत्तरेकडून, अगदी जाफन्यापासून, पायी येणारे भाविक त्या वाटेने जातात. हा उत्सव त्यांच्या एसल महिन्यात असतो, आणि एसल म्हणजे आपला आषाढ. हे कळलं तेव्हा मला पंढरीची वाट आठवली आणि घशात दाटून आलं.

तर तुमचे बारा दिवस असे: गॉलला तीन, वेलिगामा किंवा मिरिसाला तीन, टँगलला तीन, तिस्सला दोन, आणि शेवटचा परतीचा. रोज गाव बदललं तर रोज सॅक भरायची, रोज खोली शोधायची, आणि संध्याकाळी दोघांपैकी एक जण तरी चिडलेला असणार. तिथे वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, झटकन काळोख होतो. म्हणून गाव बदलायच्या दिवशी चारच्या आत खोलीवर पोचायचं, एवढं सांभाळा.

ताई, माझ्या नवऱ्याला साध्या बसचाच सोस आहे. त्यातच खरा देश दिसतो म्हणतो. मला कंबरेचं जुनं दुखणं आहे. एसी गाडीचा विषय काढला की ‘मग घरीच राहू’ म्हणतो. निघायच्या आधीच भांडणं सुरू झाली आहेत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या खेपेला तुमच्या जागी मी होते.

आम्ही कोलंबोच्या पेट्टा भागातून साधी बस धरली, तीही स्टँडवरून नाही, पुढच्या थांब्यावरून. बसायला जागा नव्हती. तिथल्या साध्या बसमध्ये उभ्याने किती जणांनी जायचं याला काही मर्यादा असते असं दिसलं नाही. दीड तास मी एका हाताने वरची दांडी आणि दुसऱ्या हाताने सॅक धरून उभी होते, स्पीकरवर गाणी कानठळ्या बसतील अशी लावलेली. नवरा मजेत होता, खिडकीतून मला काय काय दाखवत होता. मी एक शब्द बोलले नाही. गॉलला उतरल्यावरही बोलले नाही. स्टँडसमोरच जुना किल्ला आहे. १५८८ मध्ये पोर्तुगिजांनी तट घातला, पुढे डचांनी तो आजच्यासारखा भक्कम केला. त्या तटावर संध्याकाळी गावातली तरुण जोडपी छत्री उघडून, तिच्या आड बसलेली असतात. आम्ही त्यांच्यापासून थोडं लांब बसलो आणि मी सगळं बोलून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, तू थांब म्हणाली असतीस तर पुढच्या स्टॉपला उतरलो असतो. मला ते खरं वाटलं, आणि ते खरंच होतं. मी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ठरलं ते अजून पाळतो: जो जास्त दमलेला असेल त्याचा शब्द शेवटचा. का दमलास, इतक्यात कशी दमलीस, हे विचारायचं नाही. उतरायचं म्हटलं की उतरायचं.

आता कंबरेचं. कोलंबो ते गॉल हा टप्पा साध्या बसने करू नका. शहराबाहेर मकुंबुरा इथल्या स्टँडवरून दक्षिण महामार्गाच्या एसी बस सुटतात. आसन बरं असतं, कुणी उभं नसतं, किनाऱ्याच्या रस्त्यापेक्षा जवळपास निम्म्या वेळात पोचता. समुद्र दिसत नाही, ही त्याची उणीव. नवऱ्याला समुद्र हवाच असेल तर आगगाडीने जा. तो रूळ कित्येक ठिकाणी लाटांना लागून आहे.

आणि मग गॉल ते मातारा हा पट्टा त्याच्या मनासारखा करा. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि बस इतक्या की भरलेली आली तर सोडून द्यायची, मागे दुसरी असतेच. लाल रंगाच्या सरकारी, त्यांना तिथे ‘लंगम’ म्हणतात, आणि रंगीबेरंगी खाजगी. पुष्कळशा अशोक लेलँडच्याच, त्यामुळे आत चढल्यावर ओळखीचं वाटतं. कंडक्टर दारात लटकून ‘गाल्ल, गाल्ल, गाल्ल’ असं ओरडतो. आपण गॉल म्हणतो ते हेच. कोग्गलाजवळ समुद्रात रोवलेल्या काठ्या दिसतात, त्यांवर बसून मासे धरायची तिथली जुनी पद्धत आहे. आता बरेच जण फोटोपुरते बसतात आणि त्याचे पैसे मागतात, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारा.

बसायचं ते चाकांच्या मध्ये. मागच्या चाकामागच्या आसनावर प्रत्येक खड्डा थेट कंबरेत जातो. पुढची एक-दोन आसनं भिक्खूंसाठी राखीव असतात. त्यांवर बसलात आणि भिक्खू चढले तर उठायचं. सुरुवातीच्या स्टँडवरूनच चढा, दहा मिनिटं आधी जा. पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते, त्या दिवशी कतरगामाच्या बाजूला जाऊच नका. पाय ठेवायला जागा मिळत नाही.

दोघांत मिळून एक मोठी बॅग घ्यावी की दोन लहान? नवरा म्हणतो एकच घेऊ, मी उचलतो.

दोन. चाळीस लिटरपेक्षा मोठी नको. बसच्या वर टप नसतो. सॅक ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायची नाहीतर मांडीवर. मोठी बॅग आसनावर ठेवली तर कंडक्टर तिचंही तिकीट लावतो, आणि गर्दीत ते रास्तच आहे.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. वेलिगामाला मी पुढच्या दाराने उतरले. नवरा मागच्या दाराकडे होता, मध्ये माणसांची भिंत, आणि बस सुटली. पैसे, दोघांचे पासपोर्ट, तिथलं सिमकार्ड घातलेला फोन, सगळं त्याच्याकडे. माझ्याजवळ पाण्याची बाटली आणि छत्री. तो पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून पळत आला तोवर पंचवीस मिनिटं गेली असतील. एका फळवाल्या बाईंनी मला आपल्या स्टुलावर बसवलं, भाषा न कळता धीर दिला. तेव्हापासून आपापला पासपोर्ट आपापल्या अंगावर, पैसे अर्धे-अर्धे, सिमकार्ड दोघांच्याही फोनमध्ये. उतरायचं एकाच दाराने. आणि चुकामूक झालीच तर जो उतरला त्याने तिथेच थांबायचं, जो पुढे गेला त्याने परत यायचं. दोघांनीही शोधायला निघायचं नाही.

आम्ही दोघं शाकाहारी. किनाऱ्यावर उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण सावध राहा. तिथे ‘उंबलकड’ म्हणून सुकवलेला मासा असतो, त्याचा चुरा ओल्या खोबऱ्याच्या संबोलात, म्हणजे चटणीत, सर्रास घालतात, कधी डाळीतही. दिसायला काहीच कळत नाही. ‘मासे नकोत’ एवढं पुरत नाही, उंबलकडचं नाव घेऊन सांगा. इंडिअप्पा म्हणजे तांदळाच्या शेवयांची चकती आणि नारळाच्या दुधातली डाळ ही आमची रोजची न्याहारी. बसमध्ये वडे विकायला पोरं चढतात. ‘परिप्पु वडे’ डाळीचे, ‘इस्सो वडे’ कोळंबीचे. आणि टँगलहून हम्बनटोटाकडे जाताना रस्त्याकडेला मातीच्या मडक्यांच्या ओळी दिसू लागल्या की समजा, म्हशीच्या दुधाचं दही आलं. कितुल माडाचा पातळ गूळ वर ओतून देतात. त्यासाठी बस सोडून द्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमचं लग्न झालेलं नाही. खोली देताना विचारतात का?

पासपोर्ट दोघांचे बघतात. लग्नाचा दाखला आम्हाला कुणी मागितला नाही, आणि मुक्कामांत भेटलेल्या अविवाहित जोडप्यांनाही नाही. चारचौघांत मिठी मारणं, बिलगणं मात्र लोकांना आवडत नाही, मग लग्न झालेलं असो वा नसो. पोहायचे कपडे वाळूपुरते. बसमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, विशेषतः पूर्वेच्या मुस्लिम वस्तीच्या गावांतून जाताना.

मी चौसष्ट वर्षांचा, पत्नी एकसष्ट. मुलं म्हणतात हे वय बसने भटकायचं नाही. जुलैत जायचा विचार आहे. तुम्ही काय सांगाल?

जा, असं सांगेन. जुलै आहे म्हणून पूर्व किनाराच निवडा.

मुलांची काळजी खोटी नाही, तेव्हा तिचा विचार करूनच टप्पे पाडा. एका बैठकीत दोन तासांच्या वर बस नको. स्टँडवरची स्वच्छतागृहं सगळीकडे वापरण्याजोगी नसतात; आम्ही निघायच्या आधी खोलीवर आणि मध्ये एखाद्या खाणावळीत चहा घेऊन सोय करायचो. जुलैत तिकडे पश्चिमेकडून कोरडा, भाजणारा वारा येतो, कच्चान म्हणतात त्याला. घाम लगेच सुकतो म्हणून पाणी किती कमी झालं ते कळत नाही. माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी चक्कर आली होती. क्षारांची पाकिटं सोबत ठेवा, चालायचं ते नऊच्या आत, आणि दुपारी पंख्याखाली झोपा. बसची पहिली पायरी उंच असते. चढताना सॅक पाठीवर नको, आधी ती वर द्या. लोक हात देतात, संकोच न करता घ्या.

गावांच्या नावांची एक गंमत लक्षात असू द्या. तमिळ बोलणारा कंडक्टर बट्टिकलोआ असं ओरडणारच नाही, तो ‘मट्टक्कळप्पु’ म्हणेल. त्रिंकोमालीचं ‘तिरुकोणमलै’. बसच्या पाटीवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपी असतात, पण पाटी दिसेपर्यंत बस निघून जाते, तेव्हा कान तयार ठेवा.

पोत्तुविलला चार दिवस राहा, अरुगम बे तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. मग अक्करैपत्तू, तिथे बस बदलून कल्मुनै, पुढे बट्टिकलोआ. बट्टिकलोआच्या उत्तरेला पासिकुडाचा उपसागर इतका उथळ आहे की कमरेएवढ्या पाण्यात लांबवर चालत जाता येतं. पोहता न येणाऱ्या माझ्यासारखीला ते फार मोठं सुख होतं. तिथून त्रिंकोमाली. पूर्वी या वाटेवर किण्णियाला तरीने खाडी ओलांडावी लागे, २००९ मध्ये पूल झाला. शेवटी कड्यावरचं कोणेश्वराचं देऊळ.

जागेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कोलंबोहून निघून बेटाला डावीकडे ठेवत गेलात तर समुद्र सगळ्या वाटेवर उजव्या हाताला येतो. दक्षिणेला जाताना, पूर्वेला जाताना, उत्तरेला जातानाही. म्हणून आम्ही नेहमी उजवीकडची दोन आसनं धरतो. कल्मुनैपुढे मात्र रस्ता चिंचोळ्या पट्टीवरून जातो, उजवीकडे समुद्र आणि डावीकडे बट्टिकलोआची लांबलचक खाडी. तिथे आम्ही डावीकडे बसलो. कल्लडीच्या पुलावरून खाडी ओलांडताना खाली होड्या दिसतात. या पुलाखाली चांदण्या रात्री मासे गातात असं तिथले लोक सांगतात. त्या पुलाआधी खिडकी बदलायला विसरू नका. कल्मुनैपर्यंत तुम्ही बसा, पुढे पत्नीला बसू द्या.