सुधारगृहातल्या पोरीला आधी एकटीला भेटा

ताई, तुम्ही विचारलं की पोलिसांच्या रेडमध्ये देहव्यापारातून सोडवलेली २२ वर्षांची पोरगी 'मला सोडा' म्हणून रडून राहिली आणि सुधारगृहवाले म्हणतात ती काउन्सेलिंगला साथ देत नाही, तर तिला समजवायचं कसं. मी नागपुरात पंधरा वर्षं हेच काम करतो. समजवायला जाऊच नका, आधी ऐका. आणि एकटीला भेटा, सुधारगृहाच्या मॅडम आणि पोलीस बाजूला बसले असले की पोरगी तेच बोलते जे त्यांना पाहिजे, आणि बंगाली किंवा नेपाळी बोलणारी असेल तर दुभाषा न्या, पण तो तिच्या गावचा नको.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ती आरोपी नाही. पिटाच्या, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, कलम १७ मध्ये चौकशीसाठी तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण नंतर मॅजिस्ट्रेट १ ते ३ वर्षं संरक्षणगृहात पाठवू शकतो, आणि गोची इथंच होते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं अशाच तीन सज्ञान बायांना सोडायला लावलं, त्यांच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही म्हणून. वकिलाला तो निकाल दाखवायला सांगा. १८ च्या खालची असती तर गोष्टच वेगळी, तिथं संमतीला काही अर्थ नाही, बालकल्याण समितीकडेच जायचं.

पण घाईघाईनं घरीही पाठवू नका. मी एकदा पाठवली, गृहचौकशीचा रिपोर्ट एकदम चांगला होता, आणि विकणारा सख्खा मामाच निघाला. आजही ते आठवलं की झोप येत नाही. म्हणून तिलाच विचारा घरी कोण कोण आहे, कोणाची भीती वाटते, आणि गावात तिच्याबद्दल काय सांगायचं तेही तीच ठरवेल.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये गंगा-जमुनाला, म्हणजे नागपूरच्या वेश्यावस्तीला, पोलिसांचे बॅरिकेड लागले तेव्हा मला भेटलेल्या बायांपैकी एकीला दलालावर केस करायची होती, दुसरीला फक्त पोराची शाळा सुटू नये एवढंच पाहिजे होतं, आणि लोक दोघींनाही शिलाई मशीन देऊन राहिले होते.

वकील फुकट मिळतो, तस्करीतल्या पीडितेला उत्पन्नाची अट नाही, सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. नुकसानभरपाईचाही तिथंच द्या, आरोपी सापडला नसला तरी चालतो. आणि साक्षीसाठी तिला इथं अडकवून ठेवायची गरज नाही, व्हिडिओ कॉन्फरन्सनं होते, सरकारी वकिलाला आत्ताच सांगून ठेवा. पुढची तारीख कळली की मला मेसेज करा, मी येतो.